सगळं असून समाधान नाही, श्रद्धा नसताना वारीला जाऊन काही फरक पडेल का?

कोपऱ्यातला_माणूस:
नमस्कार मंडळी, वय 46, पुण्यात आयटीत आहे. फ्लॅटचं लोन गेल्या वर्षी फिटलं, पोरगी अकरावीला लातूरला गेली (त्या पॅटर्नपायी), बायको शिक्षिका, भांडणतंटा काही नाही. तरी रविवारी दुपारी जेवण झालं की काहीतरी रिकामं वाटायला लागतं ते सोमवारी लॅपटॉप उघडेपर्यंत. बीपी, थायरॉईड, बी-12 सगळं तपासून झालं, नॉर्मल.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, माळकरी. माउलींच्या पालखीबरोबर रथामागच्या दिंडीत 23 वर्षं चालले, आता गुडघे गेलेत म्हणून चार वर्षं घरीच. पण रविवारची दुपार ज्याला कधी चावत नाही असा मी बघितलेला हा एकच माणूस. हरिपाठ म्हणतो, शेंगा फोडत बसतो, मजेत असतो. म्हणून वाटलं आपणही आळंदी ते पंढरपूर चालून बघावं.

अडचण अशी की मला त्या वारीचा लहानपणापासून राग आहे. दर जूनला शाळा सुरू व्हायची, वह्या, दप्तर, फी सगळं आईवर, पाऊस पडला की पेरणीपण तिच्याच अंगावर, आणि हे टाळ घेऊन निघालेले. आई आता नाहीये. देवावर विश्वास आहे असंही नाही, नाही असंही नाही. अशा माणसानं जावं का? आणि गेल्यावर जे काही मिळतं ते टिकतं का, का पंढरपूरहून एसटीत बसलं की संपलं?

माळकरीण:
दादा जा. श्रद्धा आहे का असं दिंडीत कोणी विचारत नाही, भिशी (दिंडीच्या जेवणखाणाची वर्गणी) भरली का एवढं विचारतात 😀 सामान ट्रकमध्ये, मुक्कामाला राहुटी, पहाटे तीनला उठून टँकरखाली गार पाण्याची आंघोळ. पहिले तीन दिवस देव आठवत नाही, पायाचे फोड आठवतात. पुणे ते सासवड टप्पा जवळजवळ 30 किलोमीटर आणि त्यात दिवे घाट, तिथं भल्याभल्यांचं तत्त्वज्ञान गळून पडतं. मग चौथ्यापाचव्या दिवशी कधीतरी लक्षात येतं की आज सकाळपासून आपण स्वतःचा विचारच केला नाही, कारण शेजारच्या आजींची पिशवी धरायची होती, पंक्तीत वाढायचं होतं. मला तरी सुख म्हणतात ते एवढंच भेटलंय, आणि तेही मागून, शोधत होते तेव्हा नाही.

एक सांगते, संध्याकाळी तळावर समाज आरतीच्या आधी चोपदार (पालखीची शिस्त बघणारे) हातातला दंड, म्हणजे चोप, उंच करतात आणि सगळे टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते, मग चोपदार जाऊन ऐकून घेतात, मिटवतात, आणि मगच आरती. तुमचा टाळ अजून वाजतोय असं दिसतंय. अण्णांकडे जाऊन वाजवा की.

तर्कट_तात्या:
मी जरा थंड पाणी ओततो. 20-21 दिवस ऑफिस नाही, मोबाईलला रेंज नाही, रोज चालणं आणि लवकर झोप, असं काहीही केलं तरी माणूस खूश होणारच. मी इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलंय, मौन, पहाटे चारची घंटा, पैसे कोणी मागत नाही, शिबिर पूर्ण केल्यावर इच्छा असेल तर दान. बाहेर आलो तेव्हा झाडंसुद्धा नवीन दिसत होती. दोन महिन्यांत परत सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून ओरडत होतो. रोज बसलो असतो तर कदाचित टिकलं असतं, बसलो नाही. आणि ते रिकामपण झोपेवर, भुकेवर यायला लागलं तर वारीची वाट न बघता समुपदेशकाकडे जा, त्यात लाज कसली.

बांधावरची:
मी दुसऱ्या बाजूची. आमचे हे दरवर्षी जातात, मी घरी. म्हशी, पेरणी, सासूबाईंच्या गोळ्या. आल्यावर लोक ह्यांच्या पाया पडतात आणि मी चहा ठेवते. कधीकधी वाटतं विठ्ठल मलाच जास्त ओळखत असेल. तरी खोटं कशाला बोलू, वारीहून आलेला माणूस दोन-तीन महिने घरात आवाज चढवत नाही, तेवढं पुण्य मलाही मिळतं. माझे मामा मात्र वेगळे, ते परतीची वारी करतात. पंढरपुरात शेवटी काला झाला की सगळी गर्दी गाड्यांनी घरी जाते, पण माउलींच्या पादुका चालतच आळंदीला परत येतात, दहा-अकरा दिवसांत, माणसं मोजकीच, ना कॅमेरे ना जागोजागी केळी वाटणारे. मामा म्हणतात मला हेच चालणं आवडतं. टिकतं का विचारताय ना, तर त्या चालण्यात टिकत असेल. जायचं तर बायकोला विचारून जा एवढंच म्हणेन.

कोपऱ्यातला_माणूस:
सगळ्यांचे आभार. बांधावरची ताई, तुमचं वाचून काल गावी गेलो. अण्णांना सरळ म्हणालो, मला तुमच्या वारीचा राग यायचा. बराच वेळ शेंगाच फोडत होते. मग म्हणाले, "तुझ्या आईला सांगून जायचो दरवर्षी. विचारून एकदाही गेलो नाही." एवढंच. नंतर कळलं, चालता येत नाही तरी भिशी दरवर्षी भरतात. कशाला म्हटलं, तर "पंक्तीत एक पान जास्त वाढतं."

बायकोला *विचारलं*. ती म्हणाली 21 दिवस काही जमायचं नाही, शाळा तेव्हाच सुरू होते, पण सासवडपर्यंत मी पण चालते. अण्णांना पण घाटात वर गाडीत बसून पालखी बघायचीये. हे जमेल का? आणि बूट कुठले घेऊ?

माळकरीण:
घाटाचं विसरा, त्या दिवशी वाहतूक वळवलेली असते. अण्णांना आदल्या दिवशीच सासवडला कोणाकडे तरी पोचवा, खुर्ची द्या, त्यांच्या दिंडीतली माणसं शोधत येतील बघा. बूट नवीन अजिबात नको, जुनीच चप्पल घाला, आणि बायकोसाठी रेनकोटऐवजी इरलं किंवा मोठा प्लास्टिकचा कागद घ्या, चालताना रेनकोटमध्ये उकडून जीव जातो.