गंजलेली जुनी एफसी-१५० पिकअप दुरुस्तीसाठी घ्यावी का?

प्रश्न : आंजर्ल्याची_खाडी

नमस्कार. हर्णै बंदरापासून फारशा लांब नसलेल्या एका वाडीत महिंद्राची एफसी-१५० पिकअप (जीपच्याच घराण्यातली, इंजिन केबिनमध्येच दोन आसनांच्या मध्ये असलेली) गोठ्यालगतच्या छपराखाली सुमारे सतरा वर्षे उभी आहे. ज्या गृहस्थांनी ती चालवली ते आता हयात नाहीत. त्यांचे दोन्ही चिरंजीव मुंबईला असतात आणि येत्या पावसाळ्यापूर्वी छप्पर उतरवायचे असल्यामुळे गाडी कोणीतरी न्यावी, अशी त्यांची इच्छा आहे. ते ९०,००० रुपये मागत आहेत.

नोंदणीपुस्तकावर १९७२ साल आहे. इंजिन फिरत नाही. केबिनचा तळाचा पत्रा जागोजागी गळून गेला आहे, डाव्या दाराची खालची बिजागरी सुटली आहे आणि हौद्याच्या फळ्या वाळवीने खाल्ल्या आहेत. समोरची काच मात्र शाबूत आहे आणि स्टिअरिंग थोडेसे का होईना, पण फिरते.

माझ्या लहानपणी आमच्या बागेतल्या आंब्याच्या पेट्या याच गाडीतून दापोलीला जात. हंगाम संपला की ती बंदरावरून मासळी वाहत असे. त्यामुळे माझी ओढ या एकाच गाडीची आहे. तशीच दुसरी चांगल्या अवस्थेतली मिळाली तरी मला ती नको आहे. मला नटबोल्ट, वायरिंग आणि रंगकाम जमते, वेल्डिंग येत नाही. तीन वर्षांत मिळून चार लाखांपर्यंत खर्च करण्याची माझी तयारी आहे. गाडी रोज चालवायची नाही, पण ती स्वतःच्या चाकांवर रस्त्यावर यावी, एवढी इच्छा आहे. पैसे देण्यापूर्वी नेमके काय तपासावे आणि कोणती गोष्ट दिसली तर मागे फिरावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : उद्यमनगरचा_फिटर

आपण पैसे देण्यापूर्वी विचारले, हे फार बरे केले. मी कोल्हापुरात पंचवीस वर्षे जीपची कामे करतो आणि कोकणातून घाट चढून आलेल्या बऱ्याच गाड्या मी उघडल्या आहेत. इंजिन फिरत नाही, या गोष्टीचे आपण मनावर ओझे घेऊ नये. आपल्या प्रश्नातले मला काळजीत टाकणारे वाक्य वेगळेच आहे : ही गाडी मासळी वाहत असे.

मासळीच्या टोपल्यांमधला बर्फ वितळला की ते खारट पाणी हौद्याच्या फळ्यांच्या फटींतून थेट खाली चॅसिसवर, म्हणजे सगळी गाडी जिच्यावर उभी असते त्या लोखंडी चौकटीवर, ठिबकते. पावसाचे पाणी वाहून जाते आणि सुकते. मिठाचे तसे नाही. ते पत्र्यांच्या सांध्यात बसते आणि हवेतली आर्द्रता स्वतःकडे ओढून घेत राहते, त्यामुळे गाडी छपराखाली कोरडी दिसत असली तरी आतले लोखंड ओलेच राहते. हर्णैच्या खाऱ्या वाऱ्यात हे सतरा वर्षे अखंड चालू राहिले असणार. केबिनचा पत्रा डोळ्यांना दिसतो म्हणून सगळे त्याच्याकडेच पाहतात. पण पत्रा कापून नवा बसवता येतो. चॅसिस मात्र गाडीचा कणा आहे. तो गेला असेल तर आपले चार लाख पहिल्याच वर्षी संपतील.

तपासणीसाठी एक सोबती, प्रखर विजेरी, लहान हातोडी आणि जुना पेचकस घेऊन जावे. गाडी नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखाली कदापि शिरू नये, कारण जॅकचा आधारच गंजक्या जागी लागू शकतो. चाकांखाली भक्कम लाकडी ठोकळे रचूनच खाली जावे. चॅसिसच्या दोन्ही बाजूंच्या लांब पट्ट्यांवर वीतभर अंतराने हातोडी ठोकत जावे. निरोगी लोखंड खणखणते आणि कुजलेले भद्द आवाज करते. जिथे आवाज बदलतो तिथे पेचकसाचे टोक जोर देऊन दाबावे. टोक आत गेले किंवा पापुद्रे सुटू लागले, तर त्या जागी खडूने खूण करावी आणि शेवटी सगळ्या खुणा एकत्र पाहाव्यात.

मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगचे) चॅसिसवरचे आधार म्हणजे हँगर, हौद्याखालचे आडवे सांधे (दोन्ही लांब पट्ट्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या) आणि स्टिअरिंग बॉक्स (स्टिअरिंगचे फिरणे चाकांपर्यंत पोहोचवणारी पेटी) जिथे चॅसिसला बोल्टने आवळलेला असतो ती जागा, या तीन ठिकाणी सर्वांत जास्त वेळ द्यावा. दोन पत्रे एकमेकांवर रिव्हेटने जोडलेले असतील तिथे फुगवटा शोधावा. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो आतून पत्रे फाकवतो. असा फुगवटा दिसला की आतले काम बिघडले आहे असे खुशाल समजावे. मागच्या टोकाचा एखादा आडवा सांधा गेला असेल तर तो बदलता येतो. स्टिअरिंग बॉक्सची जागा किंवा दोन्ही बाजूंचे हँगर कुजले असतील तर आपण मागे फिरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. गळलेल्या जागेवर पट्टी ठेवून वेल्डिंग करणारे पुष्कळ भेटतात. ते काम टिकत नाही, कारण वेल्डिंगला धरायला भोवती निरोगी लोखंडच उरलेले नसते.

आता इंजिनाविषयी. या गाडीत मुळात जीपचे चार सिलिंडरचे हरिकेन पेट्रोल इंजिन असते, सुमारे २.२ लिटरचे. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह (इंधन आत घेणाऱ्या झडपा) हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणात, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) ब्लॉकमध्ये, म्हणजे खालच्या मुख्य भागात असतात, आणि गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की हे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अडकतात. दोन आसनांच्या मधले झाकण उघडून चारही स्पार्क प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल यांचे मिश्रण थोडे ओतावे आणि आठवडाभर थांबून मगच हाताने फिरवून पाहावे. दुसऱ्या गाडीने ओढून इंजिन फिरवण्याचा मोह कोणी दाखवला तर ठामपणे नकार द्यावा, व्हॉल्व्ह वाकतात. इंजिन आणि गिअरबॉक्स जीपच्याच घराण्यातले असल्यामुळे त्यांचे सुटे भाग अजून मिळतात. केबिनचे पत्रे, दारे आणि समोरची काच हे भाग मात्र फक्त एफसीचे असतात. म्हणून आपली काच शाबूत आहे, ही खरोखर आनंदाची बातमी आहे.

ब्रेक आहेत तसे ठेवून गाडी शंभर फूटही चालवू नये. या पिढीच्या जीपमध्ये चारही चाकांना ब्रेकची एकच नळीव्यवस्था असते, त्यामुळे एका ठिकाणी गळती झाली की चारही ब्रेक एकदम जातात. मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब नळ्यांत पाठवणारा), चारही व्हील सिलिंडर (तो दाब चाकाच्या ब्रेकला देणारे) आणि सर्व नळ्या नव्या घालाव्यात.

उत्तर २ : कागदपत्र_आधी

वरील उत्तर उत्तम आहे, पण हातोडी घेऊन जाण्यापूर्वी नोंदणीपुस्तक नीट वाचावे, असे मी सुचवीन. चॅसिसवर कोरलेला क्रमांक पुस्तकातल्या क्रमांकाशी जुळतो का, हे आधी पाहावे. गंजाने क्रमांक पुसला गेला असेल तर पुढचा मार्ग फार अवघड होतो. त्यानंतर इंजिनाचा क्रमांक आणि इंधनाचा प्रकार पाहावा. त्या काळातल्या कितीतरी पेट्रोल गाड्यांमध्ये पुढे डिझेल इंजिन बसवले गेले आणि सर्वांनी त्याची नोंद करून घेतली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल मंजुरीशिवाय करता येत नाही.

मूळ मालक हयात नसल्यामुळे गाडी प्रथम वारसांच्या नावावर व्हायला हवी. त्यासाठी नमुना ३१ भरावा लागतो. त्यानंतरच नमुना २९ आणि ३० भरून ती आपल्या नावावर होईल. दोन भाऊ असल्यामुळे दोघांचीही लेखी संमती आवश्यक आहे. कोऱ्या नमुन्यांवर सह्या घेऊन पैसे देणे मोठ्या जोखमीचे आहे, कितीही जुनी ओळख असली तरीही.

गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली आहे की खासगी, यावर पुढचे बरेच काही ठरते. मालवाहू असेल तर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र लागते. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी जे नियम केले, त्यांत पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, व्यापारी वापरात नसलेली आणि मूळ स्वरूपात जपलेली वाहने येतात. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षांसाठी असते, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आपले साल १९७२ असल्याने वयाची अट पूर्ण होते. मात्र या नोंदणीवर गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. आंब्याच्या पेट्या नेता येणार नाहीत. थकीत कर किती आहे आणि संगणकावर गाडीची नोंद चढलेली आहे का, हे रत्नागिरीच्या परिवहन कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन विचारावे. जुन्या पुस्तकांची नोंद अनेकदा चढलेलीच नसते.

उत्तर ३ : गुहागर_बाग

गाडी कुठे ठेवणार, हे आपण लिहिलेले नाही. मी एक जुनी जीप उघडून अंगणात ताडपत्रीखाली ठेवली होती आणि दोन पावसाळ्यांनंतर ती तशीच भंगारात द्यावी लागली. ताडपत्रीखाली वाफ कोंडते आणि उघडे लोखंड आतून घामेजत राहते. आपले घर खाडीजवळ असेल तर जांभ्याच्या भिंतींची, वारा खेळेल अशी पक्की शेड आधी बांधावी आणि मगच गाडी आणावी. गंज घासून उघडे केलेले लोखंड आपल्या हवेत एका रात्रीत पुन्हा तांबूस होते, म्हणून घासणे आणि प्रायमर एकाच दिवशी उरकावे, तेही नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांतच.

आंजर्ल्याची_खाडी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारी भावाला सोबत घेऊन गेलो आणि सांगितल्याप्रमाणे चार तास तपासणी केली. स्टिअरिंग बॉक्सची जागा खणखणीत आहे आणि पुढच्या भागात कुठेही पेचकस आत गेला नाही. हौद्याखालचे दोन आडवे सांधे पूर्ण गेले आहेत. उजव्या मागच्या हँगरजवळ पत्रे फुगलेले दिसले, डावा हँगर ठीक आहे. चॅसिसचा क्रमांक घासल्यावर स्पष्ट वाचता आला आणि तो पुस्तकाशी जुळतो. इंजिन पेट्रोलचेच आहे, पण नोंदणी मालवाहू प्रकारातली आहे. शेडचा खर्च मी खरोखरच धरला नव्हता. गवंड्याने ८०,००० सांगितले आहेत.

उद्यमनगरचा_फिटर

ही बातमी माझ्या अपेक्षेपेक्षा चांगली आहे. एका बाजूचा हँगर निरोगी असल्यामुळे त्याची मापे घेऊन दुसरा तसाच तयार करता येतो. फुगलेला भाग निरोगी लोखंड लागेपर्यंत मागे कापावा लागेल आणि त्यासाठी हौदा पूर्ण उतरवावा लागेल. हे काम अनुभवी वेल्डरकडूनच करून घ्यावे आणि कापण्यापूर्वी चॅसिसची दोन्ही कर्णमापे (समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली तिरकी मापे) घेऊन लिहून ठेवावीत. शेड वजा केल्यावर आपल्याकडे तीन लाख वीस हजार उरतात. चॅसिस, ब्रेक आणि इंजिन तेवढ्यात बसेल, पण केबिनचे पत्रे तिसऱ्या वर्षावर ढकलावे लागतील. मागणी केलेली ९०,००० ही किंमत या अवस्थेला जास्त आहे. हौद्याखालचे फोटो दाखवून ५०,००० पासून बोलणी सुरू करावीत.

आंजर्ल्याची_खाडी

आज दोन्ही भावांशी फोनवर बोललो. फोटो पाहून ते ५५,००० ला तयार झाले. वारसनोंद होईपर्यंत मी एक रुपयाही देणार नाही, हे त्यांनी समजून घेतले आहे. थोरले पुढच्या आठवड्यात मृत्यूचा दाखला घेऊन रत्नागिरीला येत आहेत आणि मीही त्यांच्यासोबत जाणार आहे. गाडी मालवाहूमधून खासगीत आणता येईल का, हे तिथेच विचारीन. ते शक्य नसल्याचे कळले तर व्यवहार थांबवायचा, असे घरी ठरले आहे. छप्पर उतरवायचे काम त्यांनी मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत पुढे ढकलले आहे, म्हणून शेडच्या चिऱ्यांची मागणी मी कार्यालयातून परत आल्यावरच देईन.