रॅम्पची मानके बंधनकारक आहेत की केवळ मार्गदर्शक?

सावली :
नमस्कार. पक्षाघातानंतर माझे वडील चाकाची खुर्ची वापरतात. आमच्या तालुक्यात एका सरकारी कार्यालयाची नवी इमारत झाली आहे. तिच्या दाराशी तीन पायऱ्या असून त्यांची एकूण उंची दीड फूट भरते, शेजारचा रॅम्प मात्र जेमतेम सहा फूट लांबीचा आहे. गेल्या आठवड्यात दोघांनी मिळून खुर्ची वर ढकलली, तेव्हा पुढची चाके उचलली गेली आणि वडील मागे कलंडता कलंडता वाचले. तक्रार केल्यावर, सुगम्यतेची मानके केवळ मार्गदर्शक आहेत, असे सांगण्यात आले. हे खरे आहे का?

ओळंबा :
ताई, मी स्थापत्य अभियंता आहे. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबी हवी. दीड फुटासाठी अठरा फूट लागतात. आपल्या मापांनुसार तेथील चढ १:४, म्हणजे तिपटीने तीव्र आहे. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीतही १:१२ हीच मर्यादा आहे आणि ती सल्ला म्हणून दिलेली नाही. जागा अपुरी असल्यास रॅम्प वळवून घेता येतो. फक्त वळणावर खुर्ची फिरेल एवढी, साधारण दीड मीटरची, सपाट जागा सोडावी लागते.

सनद :
आपल्याला मिळालेले उत्तर सर्वोच्च न्यायालयानेच अमान्य केले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४० नुसार केंद्र सरकारने सुगम्यतेचे नियम करायचे होते; मात्र २०१७ च्या नियमांतील नियम १५ ने निरनिराळ्या मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवले. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल देताना, अधिनियमाला बंधनकारक नियम अभिप्रेत असताना केवळ शिफारशी करणारा नियम १५(१) अधिनियमाशी विसंगत ठरतो, असे न्यायालयाने म्हटले आणि किमान बंधनकारक मानके तीन महिन्यांत ठरवण्याचा आदेश केंद्राला दिला. ही याचिका २००५ सालची होती. एका दृष्टिबाधित नागरिकाला एवढ्यासाठी एकोणीस वर्षे न्यायालयात काढावी लागली, याचे मला फार वाईट वाटते.

आपण प्रथम त्या कार्यालयाच्या प्रमुखाकडे लेखी अर्ज करावा. तेथे दाद न लागल्यास पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे जाता येते. अर्जात रॅम्पची मापे लिहावीत, टेप लावून काढलेली छायाचित्रे जोडावीत आणि पोच अवश्य घ्यावी.

सावली :
दोघांचेही मनापासून आभार. आज टेप लावून मोजले, तर लांबी पाच फूट दहा इंचच भरली आणि कठडाही एकाच बाजूला आहे. वडिलांचा उजवा हात चालत नाही आणि चढताना कठडा नेमका उजवीकडे येतो. अर्जात हेही लिहीत आहे. सोमवारी वडिलांच्या सहीने तो दाखल करू.