शब्दचर्चा: लव्हाळा, पाणकणीस, बोरू

पूर्व_उपनगर: कांजूरमार्ग-भांडुपकडे लोकलच्या खिडकीतून रुळांलगतच्या नाल्यात पुरुषभर उंचीचं गवत दिसतं. आमच्या घरी त्याला सरसकट लव्हाळा म्हणतात. महापुरात झाडं जातात आणि लव्हाळी वाचतात, ती हीच का?

गवत्या: नाही हो. लव्हाळा नागरमोथ्याच्या गोतावळ्यातला. दांडा चिमटीत धरून फिरवून बघा: तीन धारा बोटाला लागतात, आत भरीव, आणि पेरं नाहीत. लोंढा आला की आडवा, ओसरला की उभा. पण पुरुषभर म्हणताय, तर शेंड्याला काय आहे? तपकिरी कणीस की पिसासारखा तुरा?

पूर्व_उपनगर: दोन्ही! नाल्यात सीख कबाबासारखं कणीस, आणि मिठागरांच्या बाजूला तुरे.

गवत्या: कबाबवालं ते पाणकणीस, कुणी रामबाणही म्हणतं. तपकिरी भाग मादीफुलांचा. त्याच्या वर थोडी मोकळी दांडी सोडून नरफुलं असतात, ती झडली की नुसती काडी उरते. पानं सगळी बुडातून निघतात. एखादं आडवं कापलंत तर आत हवेच्या पोकळ्या दिसतील; चिखलात रुतलेल्या खोडाला हवा त्यांतूनच पोचते. लोक गवत म्हणतात, पण वनस्पतिशास्त्रात याचं कूळच वेगळं.

तुरेवाला तो नळ, शास्त्रीय नाव फ्राग्मायटिस कार्का. हा मात्र अस्सल गवत, ऊस-बांबूच्या कुळातला. कांडं पोकळ, पेरापेराला पान, आणि पान जिथे कांड्याला चिकटतं तिथे बारीक केसांची झालर. थोडाफार खार सोसतो, म्हणून नाल्याचं गोडं पाणी भरतीच्या पाण्यात मिसळतं तिथेही तग धरतो. त्याच्यापुढे खार वाढला की तिवरांचं राज्य.

मोडीप्रेमी: आणि त्या नळाचाच बोरू! कांडं तिरपं छाटायचं, टोकाला चीर द्यायची, शाईत बुडवायचं. टाक येण्याआधी मोडीची दप्तरं अशाच लेखण्यांनी भरली. कारकुनाला हिणवायला ‘बोरूबहाद्दर’ आला तो इथूनच. (आजचे बहाद्दर कीबोर्डवर, शब्द तोच.)

पूर्व_उपनगर: मग देवनळ म्हणजे हाच का?

गवत्या: इथे जपून. काही जण यालाच देवनळ म्हणतात, पण सह्याद्रीच्या उतारांवर वाढणाऱ्या रानतंबाखूलाही देवनळ हेच नाव आहे. तिचाही दांडा पोकळ, त्यामुळे गल्लत होते. ती विषारी आहे आणि पाणथळीशी तिचा संबंध नाही. लिहिताना मी नुसतं ‘नळ’ लिहितो, आणि वाचणारा पाण्याच्या नळाकडे जाईल असं वाटलं तर ‘बोरूचं गवत’.

पोथीवाचक: पाणकणसाबद्दल एक भर. महाभारताच्या मौसलपर्वात यादव ज्या गवताने एकमेकांना झोडपतात ती ‘एरका’, आणि एरका म्हणजे पाणकणीस असं सहसा धरतात. मराठीत सांगताना तिचं लव्हाळं होऊन जातं. ‘यादवी’ हा शब्द त्याच मारामारीचा.

पूर्व_उपनगर: भारीच! पण पावसाआधी नालेसफाईत हे सगळं साफ करतात, तरी परत येतंच.

गवत्या: येणारच. यंत्र वरचं ओरबाडतं. नळ काय, पाणकणीस काय, दोघांचंही खरं खोड चिखलात आडवं पसरलेलं असतं. त्याचा वीतभर तुकडा राहिला तरी पुन्हा फुटवे येतात.