लस देऊनही इंग्लंडात मेनिंजायटिसच्या केसेस वाढल्या?? मग लेकाला लस द्यायची की नाही

नाशिकची_आई
नमस्कार मंडळी, जरा गोंधळलेय म्हणून विचारते. लेक २२ वर्षांचा आहे, सप्टेंबरात इंग्लंडला चाललाय एमएससीला. युनिव्हर्सिटीचं मेल आलंय की मेनिंजायटिसची (मेंदूच्या आवरणाला सूज येते तो आजार) ए, सी, डब्ल्यू, वाय वाली लस घेतलेली असावी. आमचे डॉक्टर म्हणाले आपल्याकडे ही रूटीनमध्ये नाही, परवडत असेल तर घ्या. तेवढ्यात माझे दीर (बँकेतून रिटायर, आकडे म्हणजे जीव की प्राण) इंग्लंडचे सरकारी आकडेच घेऊन बसले. मेनिंगोकॉकलच्या (म्हणजे हा आजार करणाऱ्या मेनिंगोकॉकस जंतूच्या) केसेस २०२०-२१ मध्ये ८०, पुढच्या वर्षी २०५, त्यापुढच्या वर्षी ३९६. म्हणे वहिनी, २०१५ पासून पोरांना लस टोचतायत आणि केसेस पाचपट झाल्या, ही कसली लस. आता यावर मी काय बोलणार. कुणाला यातलं कळतं का?

लेस्टरचा_बंड्या
ताई, दिरांचे आकडे बरोबर आहेत पण सुरुवातीचं वर्ष बघा ना कुठलं घेतलंय. २०२०-२१ म्हणजे अख्खा देश घरात कोंडलेला, कॉलेज बंद, पब बंद, मिठी नाही, सिगारेट शेअरिंग नाही. हा जंतू घसा-नाकातून जवळच्या माणसाला जातो, त्यामुळे त्या वर्षी त्याला कुणी सापडलंच नाही. लॉकडाऊनच्या आधी २०१८-१९ ला ५२६ होत्या. आणि १९९९-२००० ला जवळजवळ २६०० होत्या! आता सांगा वाढल्या का कमी झाल्या.
दुसरं म्हणजे तिकडे लस चुकली तरी घाबरू नका, इथे जीपीकडे (आपल्या भागातल्या सरकारी फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवलं की २५ वा वाढदिवस होईपर्यंत फुकट मिळते. पण नाव नोंदवायलाच पोरं महिना लावतात आणि खरा धोका पहिल्याच आठवड्यांत, नवीन हॉस्टेल, नवीन गर्दी. म्हणून निघायच्या दोन आठवडे आधी तिकडेच घेतलेली बरी.

आकडेमोड
बंड्याने वर्षाचं सांगितलं, मी गटाचं सांगतो कारण खरी गंमत तिथे आहे. मेनिंगोकॉकस म्हणजे एक जंतू नाही हो, त्याचे गट आहेत, ए बी सी डब्ल्यू वाय वगैरे, आणि एका गटाची लस दुसऱ्याला लागू पडत नाही. त्यामुळे सगळ्यांची बेरीज करून लसीला पास-नापास करणं म्हणजे गणितात नापास झाला म्हणून मराठीच्या बाईंना ओरडणं.
सी ची लस इंग्लंडने १९९९ च्या नोव्हेंबरात आणली, जगात पहिल्यांदा, आणि सी जवळपास गायब झाला. मग डब्ल्यू वर आला, २००९-१० ला २२ केसेस, २०१४-१५ ला १७६. म्हणून २०१५ ला कॉलेजच्या वयाच्या पोरांना चारही गटांची लस सुरू केली. पोरांनाच का, तर जंतू घशात बाळगून फिरणारे सगळ्यात जास्त याच वयात असतात, स्वतःला काही होत नाही पण दुसऱ्याला देतात. पोरांच्या घशातून डब्ल्यू गेला तर तान्ह्या बाळांमधला डब्ल्यूपण खाली आला, ज्यांना ती लस दिलेलीच नव्हती!
आता दिरांच्या ३९६ मध्ये दहातल्या आठ-नऊ केसेस बी च्या आहेत, आणि लेकाच्या लसीत बी नाहीच. त्या वाढीवरून या लसीबद्दल काही म्हणताच येत नाही.
(बी ची लस वेगळी, तिथे २०१५ पासून बाळांना देतात. पहिल्या तीन वर्षांत लस मिळालेल्या वयोगटातल्या बी केसेस ७५ टक्क्यांनी कमी झाल्या. पण ती ज्याला टोचली त्यालाच वाचवते, घशातला जंतू काढत नाही. साउथ ऑस्ट्रेलियात हजारो शाळकरी मुलांच्या घशाचे स्वॅब घेऊन तपासलं, फरक शून्य.)

शंकेखोर_शाम
सगळं ठीक आहे पण हा आजार लाटेसारखा येतो-जातो असं वाचलंय. लाट आपोआप ओसरली आणि श्रेय लसीने घेतलं असं कशावरून नाही?

मायक्रोवाली
शाम, चांगला प्रश्न, आणि याचं उत्तर आफ्रिकेत आहे, त्यात आपलं पुणं आहे म्हणून मला सांगायला जास्तच मजा येते :) सेनेगलपासून इथिओपियापर्यंत जो पट्टा आहे तिथे कोरड्या हंगामात, धुळीचे वारे सुटले की मेनिंजायटिसच्या साथी यायच्या, मुख्य गट ए. १९९६-९७ च्या एका साथीत अडीच लाख आजारी आणि २५ हजार मृत्यू. मोठ्या कंपन्यांना त्या गरीब देशांसाठी लस बनवण्यात रस नव्हता. मग पुण्याच्या सीरमने ए गटाची लस बनवली, अर्ध्या डॉलरपेक्षा कमी किमतीत, आणि २०१० च्या डिसेंबरात बुर्किना फासोपासून मोहीम सुरू झाली.
आता तुझी लाट. चाड देशात २०११ च्या शेवटी राजधानी एन्जामेना आणि आजूबाजूला लस दिली, बाकी देशात अजून पोचलीच नव्हती. पुढच्याच हंगामात साथ आली. लस न मिळालेल्या भागात लाखामागे ४४ च्या आसपास केसेस, लस मिळालेल्या भागात अडीच. देश तोच, हंगाम तोच. लाट ओसरायची असती तर दोन्हीकडे ओसरली असती ना. शिवाय लोकांच्या घशातले ए चे जंतूपण ९८ टक्क्यांनी कमी झाले.
आणि मोजतात कसं तेही बघ. तिथे लाखामागे आठवड्याला ३ केसेस झाल्या की सावध, १० झाल्या की साथ धरतात. नुसता ताप आणि मान कडक म्हणून नोंदलेली केस ही संशयित, पाठीतलं पाणी काढून लॅबमध्ये गट ठरला तरच पक्की. म्हणूनच कळलं की २०१७ नंतर पट्ट्यात ए ची एकही पक्की केस नाही. आणि म्हणूनच हेही कळलं की २०१७ ला नायजेरियात जी हजाराच्या वर माणसं गेली ती सी ची साथ होती, ए ची लस फेल गेली नव्हती. मग पाच गटांची लस आली, तीही पुण्याचीच, २०२४ पासून नायजेरियात देतायत.

शंकेखोर_शाम
ओके चाडचं पटलं. हत्यार टाकलं.

मिरजकर_सलीम
ताई, माझ्या अब्बांनी हजला जाताना हीच चार गटांची लस घेतली होती, सर्टिफिकेटशिवाय सौदी जाऊच देत नाही. २००० च्या हजमध्ये डब्ल्यूची साथ झाली, परतलेल्या हाजींबरोबर युरोपात घरच्यांनापण पोचली, तेव्हापासून चारही गट आले. अब्बांना एक दिवस दंड दुखला, बास.

नाशिकची_आई
सगळ्यांचे खूप खूप आभार! लस ठरली. दिरांना हा धागा वाचायला दिलाय, अर्धा तास काही बोलले नाहीत, आता म्हणतायत २०२०-२१ चं वर्ष धरायला नको होतं.

लेस्टरचा_बंड्या
हाहा दिरांना नमस्कार. ताई अजून एक, लसीत बी नाही त्यामुळे लेकाला सांगून ठेवा, ताप, जोरात डोकं दुखणं, मान कडक, हातपाय गार पडणं असं काही झालं तर हँगओव्हर समजून झोपायचं नाही, लगेच ९९९ ला (इथला इमर्जन्सी नंबर) फोन. अंगावर पुरळ असेल तर काचेचा ग्लास दाबून बघायचं, जात नसेल तर धोका, आणि आपल्या सावळ्या कातडीवर ते पटकन दिसत नाही म्हणून तळहात, तळपाय आणि पापणीच्या आत बघायचं. पुरळ यायची वाटपण बघायची नाही.

नाशिकची_आई
हे छापून त्याच्या बॅगेत घालते. वाचणार नाही, पण रूममेट तरी वाचेल.