भाच्याची खरूज हटेना झालीय, सल्ला द्या

खानापूरकर: भाचा १७ वर्षांचा, बेळगावात होस्टेलला असतो. रात्र झाली की नुसता खाजवत बसतो. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती पुरळ. मेडिकलमधली ट्यूब लावली की बरं वाटतं, परत तेच. आता कोपरावर, तळहातावर जाड खपल्या धरल्यात. बजेट ५०० रुपये. कुठलं मलम चांगलं?

निपाणीचा_बाळू: मलम-बिलम सोडा, थेट मिरजेला न्या. आमच्या पोराला तिथंच गुण आला. तीन हजार गेले, पण गेले ते सार्थकी.

शहापूरची_काकू: कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ घाला, गंधक खोबरेलात खलून लावा. आमच्याकडं स्वच्छता असते, म्हणून कुणाला झालीच नाही.

चिक्कोडी_मेडिकल: काकू, खरूज अंगाला अंग लागून होते, आंघोळ करणाऱ्यालाही. ती ट्यूब बहुतेक स्टेरॉइडची. खाज दबते, कातडीतले खरजेचे बारीक किडे मरत नाहीत. साध्या खरजेला पर्मेथ्रिन ५ टक्के, हे किडे मारणारं मलम: रात्री मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा. ८ ते १४ तासांनी धुवा, आठवड्यानं परत लावा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज नसली तरी. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुरू व्हायला ४ ते ६ आठवडे जातात, तोवर माणूस दुसऱ्याला देत राहतो.

काकू: गंधक काय वाईट आहे? डॉक्टरसुद्धा देतात.

त्वचा_रेसिडेंट: गंधकाचं मलम देतात, खरं आहे, पण प्रमाणात बनवलेलं. खानापूरकर, त्या जाड खपल्यांकडे आधी बघा. साध्या खरजेत अंगावर किड्यांच्या १०-१५ माद्या असतात, खपलीच्या खरजेत हजारो, कधी लाखो. त्याला नुसतं मलम पुरत नाही. वजनावर आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या, त्याही अनेक डोस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. प्रतिकारशक्ती का कमी झाली तेही तपासतात. पू, ताप, चेहऱ्यावर सूज किंवा लालसर लघवी दिसली तर त्याच दिवशी दाखवा, किडनीला धोका असतो.

निपाणीचा_बाळू: तेच तर म्हणतोय मी. मिरज!

खानापूरकर: मिरज नको, ताईला रोज जाणं-येणं जमणार नाही. आज सिव्हिलला नेला. खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, किडे दिसले. ऍडमिट करून घेतलं. होस्टेलच्या रेक्टरना फोन केलाय, खोलीतल्या पोरांना एकाच दिवशी औषध द्यायला. चादरी उकळत्या पाण्यात घातल्या. गादीचं काय करू?

चिक्कोडी_मेडिकल: प्लास्टिकमध्ये गच्च बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. आणि औषधानंतरही दोन-चार आठवडे खाज राहते. घाबरून परत ती ट्यूब लावू नका.