परभणीचा म्हातारा विकावा का, अन शॉर्टस्टॉपच्या पोराला आत्ताच वर आणावं का?

परभणीकर
राम राम मंडळी. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो, आपण आठ जिल्ह्यांच्या आठ टीम करून आउट ऑफ द पार्क बेसबॉलवर ऑनलाइन लीग चालवायलोय, खेळाडू सगळे गेमनं तयार केलेले पण नियम मेजर लीगचेच, म्हणजे २६ चा अ‍ॅक्टिव्ह रोस्टर, ४० चा मोठा रोस्टर, प्रत्येकाला तीन ऑप्शन (म्हणजे तीन सीझन त्याला मोकळं न सोडता खाली मायनरला पाठवता येतंय), जुलैच्या शेवटी ट्रेड बंद. अन माझी टीम तळाला हाय. नुसती तळाला नाही, सातव्या नंबरच्या हिंगोलीपासून पण लांब. जगात जर्मनी भारतात परभणी म्हणतेत, गेम बनवणारा मार्कस हाइनझोन पण जर्मनच, तरी आपल्यावर त्याचा काय राग हाय कळंना.

तर प्रश्न दोन. माझा ३४ वर्षांचा डावखुरा स्टार्टर, ज्याला आपण सगळे म्हातारा म्हणतो, त्याचं स्टफ (बॉलची धार) उतरलंय पण कंट्रोल अजून ७० हाय (स्केल २० ते ८०, ५० म्हणजे सरासरी), अन कॉन्ट्रॅक्ट याच सीझनपुरतं. नांदेड मागायलंय, बदल्यात सिंगल-ए मधले दोन पिचर पोरं द्यायलंय (मेजरच्या खाली ट्रिपल-ए, मंग डबल-ए, त्याच्या खाली सिंगल-ए). दुसरं म्हणजे माझा डबल-ए चा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या अन तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर), वय २०, आज ४० अन पोटेन्शिअल ७०. सध्या वर जो शॉर्टला हाय त्याला बॅटिंग येत नाही हे त्याला सोडून सगळ्यांना माहीत हाय.

माझं मत असं की म्हाताऱ्याला विकायचं, पोराला उद्याच वर आणायचं, राहिलेला सीझन गेला तर गेला. बोला.

नांदेडकर
एकदम बरोबर विचार भाऊ. तळाच्या टीमनं ३४ वर्षांचा पिचर ठेवून करायचं काय, ऑक्टोबरात तो फ्री एजंट होऊन फुकटात जाणारच हाय. आज दोन पोरं मिळायलेत, घे. दोघांचं पण पोटेन्शिअल ५५ च्या वर हाय.

जालनेकर
नांदेडवाले "एकदम बरोबर" म्हणायलेत म्हणजे बघून घे बाबा नीट.

बीडकर
दादा, थांब जरा. भाव पडल्यावर सोयाबीन विकणारे आपणच अन दिवाळीनंतर भाव वाढला की व्यापाऱ्याला शिव्या देणारे पण आपणच, तसलं काम करू नको. सिंगल-ए चा १८-१९ वर्षांचा पिचर म्हणजे नुसतं कागदावरचं पोटेन्शिअल, वर येईपर्यंत एकाचं खांदा जाणार अन दुसऱ्याचं पोटेन्शिअल ५५ वरून ४० ला येणार, किती वेळा बघितलंय आपण. म्हातारा कॅप्टन टाइपचा हाय, त्याचं प्रोफाइल उघडून बघ, तो गेला की क्लबहाऊसमधली केमिस्ट्री जाते, अन हरत राहिलं की फॅन इंटरेस्ट पडतो, फॅन पडले की गेटचा पैसा पडतो, मंग मालक पुढच्या वर्षीचं बजेट कापतो अन तू ड्राफ्टच्या पोरांना बोनस कुठून देणार? मिनिमम पगाराच्या टीमवर कुणी रिबिल्ड (टीम नव्यानं उभी करणं) करत नसतं.

परभणीकर
@बीडकर ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजनी केलं की. २०११ ला १०६ हरले, २०१२ ला १०७, २०१३ ला १११. अन २०१७ ला वर्ल्ड सिरीज. (समोरच्या कॅचरच्या खुणा चोरून, कचऱ्याचे डबे वाजवून बॅटरला सांगत जिंकले ते राहू द्या, पोरं तर तयार झालीच ना.)

बीडकर
अ‍ॅस्ट्रोज अ‍ॅस्ट्रोज सगळेच करतेत. त्याच अ‍ॅस्ट्रोजनी २०१३ ला पहिल्या नंबरवर मार्क अपेल घेतला अन दुसऱ्या नंबरवर कब्जनी क्रिस ब्रायंट घेतला. ब्रायंट २०१६ ला एमव्हीपी (लीगचा सगळ्यात भारी खेळाडू), त्याच वर्षी कब्ज चॅम्पियन. अपेल ह्यूस्टनकडून मेजरमध्ये एक मॅच खेळला नाही, २०२२ मध्ये फिलीजकडून आला तेव्हा तीस वर्षांचा होता. अन मार्च २०१४ मध्ये त्यांनी जे. डी. मार्टिनेझला फुकट सोडून दिलं, त्यानं त्याच वर्षी डेट्रॉइटसाठी २३ होम रन मारले. सगळं "पोरांसाठी जागा" म्हणून.

पायरेट्स १९९३ पासून २०१२ पर्यंत सलग वीस सीझन हरायले, ते पण दर वर्षी रिबिल्डच म्हणत असतील. अन व्हाइट सॉक्स २०२४ ला १२१ मॅच हरले. नुसतं हरलं म्हणजे पोरं आपोआप मोठी होतेत असं काही नसतंय.

लातूरकर
मला दोघांचं पण अर्धं अर्धं पटायलंय. म्हाताऱ्याला विकायलाच पाहिजे, बीडकर काहीही म्हणोत, कॅप्टन असला तरी ऑक्टोबरनंतर तो तुमचा नाही. पण पोराला आत्ता आणणं मला पटत नाही. एक तर आजचं रेटिंग ४०, अशा पोराला मेजरच्या पिचिंगसमोर टाकलं तर गेममध्ये त्याचं डेव्हलपमेंट अडतं, लेव्हल झेपंल अशी पाहिजे अन रोज खेळायला पाहिजे. दुसरं, सर्व्हिस टाइम, म्हणजे मेजरमध्ये भरलेले दिवस. १७२ दिवसांचं एक वर्ष धरतेत, अशी सहा झाली की फ्री एजंट. कब्जनी २०१५ ला ब्रायंटला एप्रिलच्या मध्यापर्यंत खाली ठेवलं, त्या वर्षी त्याचे १७१ दिवस भरले, एका दिवसानं वर्ष हुकलं अन कब्जना तो एक सीझन जास्त मिळाला. ब्रायंटनं तक्रार केली होती, ती तो हरला. वागणं चांगलं होतं असं मी म्हणत नाही, पण आपण इथं खेळाडूंचे वकील नाही, जीएम (टीम चालवणारे मॅनेजर) हावोत.

ओरिओल्सचं बघा. अ‍ॅडली रचमनला २०१९ ला पहिल्या नंबरवर घेतलं अन मे २०२२ पर्यंत वर आणलं नाही, मध्ये २०२१ ला ११० मॅच हरले तरी आणलं नाही. २०२३ ला १०१ जिंकले.

जालनेकर
लातूरवाल्यांना पोरांना क्लासला बसवून ठेवायची सवयच हाय 😄

बीडकर
अन १०१ जिंकून प्लेऑफमध्ये रेंजर्सकडून सलग तीन हरून घरी गेले, ते पण सांगा की.

हिंगोलीकर
मी परभणीकरच्या बाजूनं. पोराला आण. सर्व्हिस टाइम बिइम खऱ्या लीगला ठीक हाय, आपली लीग सहा सीझन चालंल याची गॅरंटी कोण द्यायलंय? मागच्या लीगचं काय झालं माहीत हाय सगळ्यांना, कमिशनरचा लॅपटॉप गेला अन लीग गेली. खेळायचं तर आज खेळा, ७० पोटेन्शिअलचं पोरगं डबल-ए मध्ये बसवून त्याचं लोणचं घालणार का. आणच भाऊ, उद्याच्या सिमच्या (गेम पुढं चालवायच्या) आधी आण.

संभाजीनगरकर (कमिशनर)
लॅपटॉप नवीन आहे आणि बॅकअप ड्राइव्हवर आहे. विषयावर बोला.

लातूरकर
@हिंगोलीकर एवढी घाई कामून हो तुम्हाला? 🤔

थांबा, मी परभणीचा रोस्टर उघडला. ४० पूर्ण भरलेला हाय. पोरगं त्या ४० च्या रोस्टरवर नाही, म्हणजे त्याला आणायचं तर कुणाला तरी डीएफए करावं लागणार, म्हणजे ४० मधून काढावं लागणार. अन लोअर मायनरचे पिचर कुणी काढत नाही, म्हणजे नंबर लागतो राइट फिल्डरचा, २६ वर्षांचा, पॉवर ६०, ज्याचे ऑप्शन संपलेत. त्याला वेव्हरवर (बाकीच्या टीमांना उचलायला मोकळा) टाकलं की क्लेमचा पहिला हक्क शेवटच्या टीमला, पण शेवटची टीम तर परभणीच, तीच टाकणार. मंग पुढचा नंबर कुणाचा?

जालनेकर
हिंगोली. हाहाहाहा

हिंगोलीकर
असं काही नाही. माझ्याकडं राइट फिल्डर हाय.

बीडकर
तुपला राइट फिल्डर मागच्या महिन्यात गुडघा घेऊन बसलाय, साठ दिवसांच्या आयएल (जखमींच्या यादी) वर हाय, आम्हाला पण बॉक्स स्कोर वाचता येतो.

परभणीकर
अरे देवा. राइट फिल्डरचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

लातूरकर
अजून एक. ७० पोटेन्शिअल कोण म्हणायलंय, तुझा स्काऊट (पोरं पारखणारा) ना? त्याचं प्रोफाइल बघ, तो टूल्सकडं झुकणारा हाय, असल्या स्काऊटला पळणारं अन लांब मारणारं प्रत्येक पोरगं स्टारच दिसतं. गेमचा कॉमन स्काऊट, ओएसए, त्याच पोराला ५५ द्यायलाय. माझा स्काऊट ६०. अन मूळ गोची सांगू का, पोराचं अ‍ॅव्हॉइड के (स्ट्राइकआउट टाळायचं रेटिंग) ३५ हाय. डबल-ए लाच स्ट्राइकआउट होऊ होऊ बेजार हाय. स्लायडर दिसला की बॅट फिरवतंय. वर्क एथिक मात्र चांगलं दाखवतंय, म्हणून सोडू नको, डेव्हलपमेंट लॅबला घाल ऑफ सीझनला, पण उद्या वर आणणं म्हणजे काहीच्या काही.

परभणीकर
ठीक, पोराचं पटलं मला. पण शॉर्टला खेळवू कुणाला, हाच चालू ठेवू का?

धाराशिवकर
आत्ता वाचलं सगळं. माझ्याकडं ३१ वर्षांचा एक हाय, बॅट नाही पण फिल्डिंग ६५, मिनिमम पगार. फुकट घेऊन जा, मला ४० वर जागा करायची हाय. तुझ्या पिचर पोरांचं पण भलं होईल, ग्राउंडबॉलवाले हायेत ना ते.

परभणीकर
घेतो. त्याच्यासाठी माझ्या त्या बिनबॅटिंगवाल्याला डीएफए करतो, तो कुणी नेला तर माझे आभारच. आता म्हाताऱ्याचं बोला. @नांदेडकर तुमचे दोन पोरं मला नको, दोघांचा स्टॅमिना बघितला मी, ४० च्या खाली हाय, ते बुलपेनचे होणार, स्टार्टर नाही. मला तुमचा ट्रिपल-ए चा कॅचर पाहिजे.

नांदेडकर
कॅचर नाही देणार. विषयच नाही. दोन महिन्याच्या पिचरसाठी सहा वर्षं हातात राहणारा कॅचर कोण देतं राव.

जालनेकर
कॅचर नाही, पण तसलंच पिचर पोरगं डेट्रॉइटनं दिलं होतं. १९८७, डॉयल अलेक्झांडरसाठी. तो येऊन ९-० गेला, डिव्हिजन जिंकली. बदल्यात गेलेलं पोरगं तेव्हा वीस वर्षांचं, डबल-ए मध्ये मार खायलं होतं. नाव जॉन स्मोल्ट्झ. २०१५ ला हॉल ऑफ फेम.

नांदेडकर
हे तू माझ्या बाजूनं बोलायलास का विरोधात?

जालनेकर
मी फक्त माहिती द्यायलोय.

लातूरकर
डिव्हिजन तर जिंकली ना डेट्रॉइटनं. नांदेडकर, तुम्ही माझ्या दोन गेम मागं हाव, तुमचा तिसरा स्टार्टर सहाव्या इनिंगला दमतो. नका देऊ कॅचर, मला चालंल 🙏

बीडकर
अन परभणीकर, लातूरकर नांदेडकरला डिवचायलेत ते तुझ्या प्रेमापोटी नाही, नांदेडचं पान महाग व्हावं म्हणून. हे पण लक्षात ठेव.

हिंगोलीकर
अन बीडकर विकू नको म्हणायलेत ते तिसऱ्या नंबरवर हायेत म्हणून. वरच्या दोघांना पिचर मिळू नये एवढंच. सगळे मलाच बोलायलेत.

बीडकर
केमिस्ट्रीचा मुद्दा माझा खराच हाय.

संभाजीनगरकर (कमिशनर)
ट्रेड दोन्ही जीएमनी कन्फर्म करून रविवारी रात्री ९ च्या आत फाइल एक्स्पोर्ट करावी. लाइट गेली होती हे कारण यावेळी चालणार नाही, मोबाइलचं नेट वापरा.

नांदेडकर
बरं. कॅचर देतो. पण पोरं एकही नाही, अन म्हाताऱ्याचा राहिलेला पगार अर्धा तू भरायचा.

परभणीकर
पाव भरतो. अन दोन पोरांमधला तो उजवा पण दे.

नांदेडकर
उजवा नाही. डावा घे.

परभणीकर
डाव्याच्या कोपराचं ऑपरेशन झालंय मागच्या वर्षी, हिस्टरी उघडून बघितली मी.

नांदेडकर
...उजवा घे. पगार एक तृतीयांश.

परभणीकर
पाठव.