डिफला दिसतो तो फरक मला का दिसत नाही?

शब्दवेडा: मराठी शब्दांच्या दोन याद्या आहेत, ओळीला एक शब्द. एक मी लिनक्सवर केलेली, दुसरी मित्राने विंडोजवरून पाठवलेली. त्याच्या यादीत नवे शब्द कोणते, एवढंच हवंय. पण डिफ (दोन फाइलींतले फरक दाखवणारी कमांड) चालवलं की अख्खी यादी एकीकडून काढून दुसरीकडून घातल्यासारखी दिसते. वर 'अंक', खाली 'अंक', आणि म्हणे फरक! हे काय गौडबंगाल आहे?

ओळपाखरू: विंडोजची ओळ सीआर-एलएफ या दोन न दिसणाऱ्या खुणांनी संपते, लिनक्सची नुसत्या एलएफने. 'कॅट -ए' करून बघा, त्यात अशा खुणाही दिसतात. देवनागरीच्या जागी एम-एम असली खरड दिसेल, तिकडे लक्ष देऊ नका; ओळीच्या शेवटी ^एम$ (^एम म्हणजे सीआर) आहे का तेवढं पाहा. असेल तर डिफला --स्ट्रिप-ट्रेलिंग-सीआर द्या.

घाईगडबड: सरळ -डब्ल्यू लावा ना राव.

शब्दवेडा: ^एम होतंच. बहुतेक ओळी गेल्या, पण 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' असले शब्द हटून बसलेत. -डब्ल्यूलाही दाद देत नाहीत.

हलन्त: कशी देतील? -डब्ल्यू फक्त मोकळ्या जागा सोडून देतो. (मी तर तो लावतच नाही. त्याला 'घर काम' आणि 'घरकाम' एकच.) तुमचं दुखणं त्या ऱ्यामध्ये आहे. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ (युनिकोड क्रमांक ०९३१) आणि हलन्त (०९४डी), किंवा साधा र (०९३०), हलन्त आणि शिवाय अक्षरं जोडणारा, न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर, २००डी). पडद्यावर दोन्ही सारखेच. यूटीएफ-८मध्ये (मजकूर बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) मात्र पहिल्याला य धरून ९ बाइट, दुसऱ्याला १२.

खात्री करायची तर दोन्हीकडचा 'दुसऱ्या' वेगवेगळ्या फाइलीत टाकून 'सीएमपी -एल' चालवा, तो वेगळे पडणारे बाइट दाखवतो. बाराव्या बाइटला २६० आणि २६१ दिसले की समजा हेच. आकडे ऑक्टल (अष्टमान) असतात.

एनएफसी नॉर्मलायझेशनच्या (वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं एकच अक्षर एकसारखं करण्याच्या) भरीस पडू नका, ते या जोडीला हातही लावत नाही. सेडने (शोधून बदलणाऱ्या कमांडने) ०९३०-०९४डी-२००डी या तिकडीच्या जागी ०९३१-०९४डी घाला. सगळे झेडडब्ल्यूजे सरसकट उडवू नका. काही ठिकाणी ते मुद्दाम घातलेले असतात.

आणि नुसते नवे शब्दच हवेत तर डिफ कशाला? आधी डॉसटूयुनिक्स (सीआर काढायला), मग हा सेड, मग एलसी_ऑल=सी (म्हणजे क्रम बाइटप्रमाणे) ठेवून दोन्ही याद्या सॉर्ट करा. त्याच सेटिंगमध्ये 'कॉम -१३' (फक्त दुसऱ्या फाइलीतच असलेल्या ओळी दाखवतो), आधी तुमची फाइल, मग मित्राची.

शब्दवेडा: २६० २६१, अगदी तेच! सेड लावतो.